ढग की शून्य?

सांगली

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूर्यडागांच्या वहीचे फोटो पाहिले. वर्तुळं नेटकी आहेत, डागाभोवतीची फिकट कडा, म्हणजे उपछायाही छान उतरलीय. पण १२ ते १९ जुलै कोरे का? ढग होते, सूर्यावर डागच नव्हते, की तू मावशीकडे गेली होतीस? डाग नसले तर रिकामं वर्तुळ काढून ० लिही. आभाळ भरलं असेल तर ‘ढग’. १६४५ ते १७१५ या काळात डाग फार कमी होते हे पक्कं, पण त्या वेळच्या कोऱ्या दिवसांचा अर्थ लावताना अभ्यासक अजून डोकं खाजवतात.

श्वाबे या जर्मन हौशी निरीक्षकानं १८२६ पासून डाग टिपायला घेतले, ते बुधाच्या आतला ग्रह सापडेल म्हणून. ग्रह काही मिळाला नाही. १८४३ मध्ये डागांचं साधारण दहा वर्षांचं चक्र हाती लागलं. डाग नसलेले दिवसही तो मोजायचा, म्हणून.

मोजणी वुल्फ या खगोलशास्त्रज्ञाच्या रीतीनंच कर: प्रत्येक गटाला दहा, प्रत्येक डागाला एक. दोन गट, मिळून सात डाग: दहा दुणे वीस अधिक सात, सत्तावीस. शेजारच्याचे एकतीस आले तरी आपला आकडा खोडायचा नाही. प्रत्येकाच्या नजरेचा नि दुर्बिणीचा गुणक वेगळा, तो नंतर लावता येतो. म्हणून दुर्बीणही सारखी बदलू नकोस. बारीक ठिपक्याची शंका आली तर प्रतिमा पडते तो कागद हलव. कागदाबरोबर सरकला तर तो कागदाचाच.

आणि तारीख पेन्सिलीनं लिही. २०१९ च्या महापुरात माझ्या वह्या दोन दिवस पाण्यात होत्या. पेन्सिलीनं काढलेले डाग जसेच्या तसे राहिले, शाईतल्या तारखा मात्र धुऊन गेल्या. बिनतारखेचा सूर्य घेऊन करायचं काय? कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे फोटो घेतलेत, ते आता संगणकावर बघता येतात. त्यांच्याशी गट जुळवत बसलो, काही तारखा परत मिळाल्या. रिकाम्या वर्तुळांच्या मात्र कायमच्या गेल्या, ती कशाशी जुळवणार?

सूर्याची प्रतिमा दुर्बिणीतून कागदावरच पाडतेस ना? छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण ठेव, आणि डोळा लावायचा मोह अगदी क्षणभरसुद्धा नको.

त्या आठ दिवसांचं आठवतंय तेवढं आजच लिहून काढ. शेजारी ‘आठवणीतून’ असंही लिही.

तुझा,
काका