यानात मुडदा पडला, आता पुढं काय?

गेल्या अंकात सहज लिहून गेले होते की लांब पल्ल्याच्या अंतराळप्रवासात झालेल्या खुनाची गोष्ट मराठीत कोणीतरी लिहायला पाहिजे, तर निम्मा मराठवाडा आधीच लिहायला बसलाय असं दिसतंय. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, त्यामुळं ज्यांची गोष्ट खरंच कुठंतरी अडकलीय तेवढीच घेतेय. नावं देत नाही, गावं देते.

ताई, माझ्या गोष्टीत खुनी बॉडी एअरलॉकमधून, म्हणजे यानाच्या दुहेरी दाराच्या कप्प्यातून, बाहेर ढकलतो अन् पुरावाच संपतो. मित्र म्हणायलेत लई भारी आहे. तुम्हाला काय वाटतं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उदगीर)

मित्र चांगले आहेत तुझे, पण फिजिक्स कच्चं दिसतंय. अरे, लांबच्या प्रवासात यान बहुतेक वेळ इंजिन बंद करून नुसतं पुढं जात असतं, त्यामुळं बाहेर टाकलेल्या बॉडीचा पुढं जायचा वेग यानाएवढाच राहतो, तू जेवढा धक्का दिलास तेवढ्याच गतीनं ती बाजूला सरकणार, म्हणजे हळूच सोडली तर सकाळी चहा घ्यायला लोक जमतात तेव्हा मयत खिडकीबाहेर हजर. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानं दीडशे वर्षांपूर्वीच कादंबरीत हे दाखवलंय, त्याच्या चंद्रावर निघालेल्या प्रवाशांनी मेलेलं कुत्रं बाहेर टाकलं तर ते यानाच्या सोबतच चालत राहिलं. इंजिन चालू असेल तर गोष्ट वेगळी, मग यान पुढं जातं अन् बॉडी मागं राहते. म्हणून आधी ठरव इंजिन चालू की बंद, अन् ते खुनाच्या आधी वाचकाला सांगून टाक. बाकी एअरलॉक उघडल्याची नोंद होतेच, शिवाय दर वेळी थोडीफार हवा जाते, तिचा हिशोब कोणीतरी ठेवतच असणार.

मग यानावर बॉडी लपवायची तरी कुठं? सगळीकडं सेन्सर, कॅमेरे. (शिक्षिका, लातूर)

बाई, तुम्ही लातूरच्या असून मला विचारताय? पाण्यात लपवा!

म्हणजे असं बघा. बंद यानात काहीच बाहेर जात नाही, घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून परत प्यायचं पाणी करतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये हे ९८ टक्क्यांपर्यंत जमवून दाखवलं. आता कल्पना करा की तुमच्या यानावर याच्याही पुढची, सेंद्रिय कचऱ्यातून पाणी काढणारी मशीन आहे अन् खुन्यानं बॉडी तिच्यात घातली. माणसाच्या अंगात साधारण ६० टक्के पाणी, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं चाळीस-बेचाळीस लिटर. बॉडी गायब, रक्त गायब, सगळे म्हणतात माणूस यानावरच कुठंतरी लपलाय, आणि टाकी बघणारी बाई म्हणते, अहो पण टाकीत पाणी वाढलंच कसं? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात बारकं लेकरूसुद्धा घरातल्या घागरी मोजून सांगायचं, तसंच हे. पाणी कमी झालं तर गळती म्हणून सोडून देता येतं, वाढलं की मात्र कोणाकडंच उत्तर नसतं.

मला विचाराल तर यानावरच्या खुनात खरा डिटेक्टिव्ह हा हिशोबनीसच असायला पाहिजे. हवा, पाणी, वजन, वीज, सगळं मोजून निघालेलं असतं, तिथं खोटं बोलायला माणूस तयार असतो पण मीटर नसतो. पोलिसी खाक्याचा हिरो कशाला पाहिजे.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वजनच नसेल तर मृत्यूची वेळ कशी काढणार? अन् रक्त कसं सांडणार? (परभणी)

सगळ्यात आवडलेला प्रश्न, म्हणून जरा लांब लिहिते. इथं जमिनीवर मेलेल्या माणसाचं रक्त खालच्या बाजूला उतरतं अन् तिथं जांभळट डाग पडतात, हे तुम्ही रोज बघता. ते होतं गुरुत्वाकर्षणामुळं. तरंगणाऱ्या बॉडीला खालची बाजूच नाही, त्यामुळं ते डाग तसे पडणार नाहीत, अन् बॉडी हलवली का नाही हे त्यावरून सांगता येणार नाही. यान गोल फिरवून नकली वजन तयार केलेलं असेल तर मात्र रक्त बाहेरच्या भिंतीकडं उतरेल. म्हणजे बघा, यानाच्या मधल्या भागात, जिथं वजन नसतं, तिथं सापडलेल्या बॉडीवर पाठीला जांभळे डाग असले की समजायचं, खून दुसरीकडं झालाय.

सांडलेलं रक्त वजन नसेल तर खाली पडत नाही, त्याचे गोळे होतात अन् ज्या दिशेला उडाले तिकडं सरळ जाऊन चिकटतात. २०२४ मध्ये यावर प्रयोग छापून आलाय, विमान वरखाली गोते घेतं तेव्हा थोडे सेकंद वजन जातं, तेवढ्यात ग्लिसरीन अन् लाल रंगाचं नकली रक्त उडवून डागांचा अभ्यास केला.

आता बॉडी थंड व्हायचं, मृत्यूची वेळ त्यावरूनही काढतात. जमिनीवर अंगाजवळची गरम हवा वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, तरंगत्या खोलीत हे आपोआप होत नाही, पंखाच लागतो. अन् याच कारणानं झोपायच्या कप्प्यात पंखा नसला तर माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो, म्हणून अंतराळवीर हवा खेळती राहील अशाच जागी झोपतात. तर खुनाची पद्धत तुम्हाला फुकट देते: रात्री झोपेचं औषध, कप्पा बंद, अन् पंख्याची वायर काढलेली. ना चाकू ना विष. त्यातली खरी गंमत पुढं आहे, पंखा बंद म्हणून बॉडी नेहमीपेक्षा हळू थंड होते, यानावरचा डॉक्टर नेहमीचा तक्ता लावून म्हणतो पहाटे चारला मेला, प्रत्यक्षात मेलाय बाराच्या सुमारास, आणि चारला खुनी सगळ्यांच्या समोर ड्यूटीवर होता! हे तुम्ही लिहाच, नाहीतर मीच लिहीन.

हेल्मेट फुटलं की माणूस फुग्यासारखा फुटतो ना? (जालना)

नाही हो, पिक्चर बघून बघून झालंय हे सगळं. अंग सुजतं पण कातडी धरून ठेवते. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात खोलीत एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी सुटली, तो चौदाएक सेकंदात बेशुद्ध झाला, शेवटचं आठवलं ते जिभेवरची लाळ उकळल्यासारखी वाटली एवढंच, लगेच हवा भरली अन् तो वाचला. म्हणजे तुमच्या गोष्टीतल्या माणसाकडं दहा-पंधरा सेकंद शुद्ध आहे. तेवढ्यात तो काय करतो ते लिहा, लांबलचक मरणोक्ती नको, हवाच नाही तर आवाज कुठून येणार.

मी निवृत्त हेड कॉन्स्टेबल. सरळ विचारतो, एफआयआर कुठं? (अंबाजोगाई)

साहेब, प्रश्न वाचून हसले पण उत्तर आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार यान ज्या देशाच्या रजिस्टरला, त्यावर अन् त्यातल्या माणसांवर त्याच देशाचा अधिकार. अंतराळ स्थानकासाठी १९९८ चा वेगळा करार आहे, त्यात ज्याचा आरोपी त्या देशानं खटला चालवायचा असं धोरण आहे. आणि आपली भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकानं भारताबाहेर कुठंही केलेल्या गुन्ह्याला लागू होते, तेव्हा तुमचा आरोपी अंबाजोगाईचा असला तर कायद्यानं सुटका नाही.

अडचण कायद्याची नाहीच, अंतराची आहे. मंगळाजवळून बोललात तर आवाज पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं. १९७७ ला सुटलेलं नासाचं व्हॉयेजर १ हे यान आज एवढं लांब आहे की तिकडून सिग्नल यायला जवळपास एक दिवस लागतो. अन् सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षं लांब, सिग्नललाच एका बाजूला सव्वाचार वर्षं, म्हणजे तिथून 'साहेब, अटक करू का' विचारलं तर उत्तर यायला साडेआठ वर्षं. तोवर आरोपी अन् साक्षीदार एकाच ताटात जेवणार, दुसरं यान थोडंच आहे. कोठडी कुठली द्यायची, तो एकटाच इंजिन दुरुस्त करू शकत असेल तर त्याला बांधून ठेवायचा का, हे तुम्ही तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसासारखं लिहिलंत तर मजा येईल.

क्लोन, टेलिपोर्ट, मन वाचणारं मशीन, सगळं चालतं ना सायन्स फिक्शनमध्ये? (नांदेड)

चालतं, पण शेवटच्या पानावर नाही. अमेरिकन विज्ञानकथा लेखक असिमोव्हचे संपादक कॅम्पबेल म्हणायचे की विज्ञानकथेत रहस्यकथा जमतच नाही, कारण लेखक ऐनवेळी खिशातून मशीन काढतो, ते खोटं पाडायला असिमोव्हनं १९५० च्या दशकात मुद्दाम डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्याही आधी, १९२९ ला, रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम घातले होते, त्यात अज्ञात विष नको, शेवटी लांबलचक समजावून सांगावं लागेल असं यंत्र नको, अन् जुळे भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय नकोत. क्लोन म्हणजे जुळ्याचाच भाऊ झाला ना! पहिल्याच प्रकरणात सांगून टाका की या यानावर क्लोन बनतात, किती दिवसांत बनतात, आठवणी कुठवर येतात. एकच मोठी थाप घ्या अन् ती शेवटपर्यंत इमानदारीनं पाळा. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मी पाच मोजल्या.

यानावर ना बांध ना वाटणी, ना सोनं. खून करायचा तरी कामून? (शेतकरी, गेवराई)

दादा, बांध आहे की. समजा दीडशे वर्षांचा प्रवास, जमिनीचं नाव नाही, पण मूल कोणाला होऊ द्यायचं याची यादी आहे, कारण हवा मोजकी. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यादी कोण ठेवतं? नाहीतर गोठवून झोपवलेल्या प्रवाशांत कोणाला आधी उठवायचं यावरून. जो मधेच उठला तो वाटेतच म्हातारा होऊन मरणार, पोचणार नाही. स्वतःचं उठवणं टाळायला एखाद्यानं शेजाऱ्याचा नंबर पुढं सरकवला तर त्याला खून म्हणायचा का, ते मलाही सांगता यायचं नाही, पण वाचायला आवडेल. बियाणं हाही भारी मुद्दा आहे, तो तुमच्याएवढा कोणाला लिहिता येणार? पेरायचं बी एकानं चोरून खाल्लं अन् दुसऱ्यानं बघितलं, बास, लागा लिहायला.

गावात लोक हसतील, टोपणनावानं पाठवू का? (हिंगोली)

बेलाशक पाठवा. डॉ. जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती, जविना उलटं करून नाविज, अन् बक्षीस मिळालं. आमच्याकडं पाठवताना मात्र पाकिटात खरं नाव अन् पत्ता वेगळ्या कागदावर घाला, मानधन कोणाच्या नावानं काढायचं हे अकाउंटवाले मलाच विचारतात.