सर्जन वडिलांच्या स्मरणसभेत काय बोलावं?

तुम्ही विचारलंय, बाबा सर्जन होते, नुकतेच गेले, स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायचंय. त्यांच्या कामाबद्दल बोलू की घरातल्या माणसाबद्दल?

दोन्हींबद्दल बोला, पण तुकडे पाडून नको. आणि 'पेशंटसाठी त्यांनी घराकडे कधी पाहिलं नाही' हे वाक्य तर अजिबात नको. माझ्या बाबांच्या सभेत एकांनी ते कौतुक म्हणून ऐकवलं आणि शेजारी बसलेल्या आईचा चेहरा उतरला. बाबा रात्री-अपरात्री उठून जायचे हे खरं. घराकडे पाहिलं नाही हे धडधडीत खोटं.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी आईच्या पित्ताशयाला खड्यांमुळे सूज आली तेव्हा त्यांनी सुरी हातात घेतली नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका सर्जन बाईंकडे केस सोपवली. आत्या यावरून वर्षानुवर्षं बोलत आलीय, 'एवढं नाव, आणि बायकोला दुसऱ्याच्या हाती दिलं.' मला याचा अजूनही संताप येतो. घरच्या माणसावर सर्जननं स्वतः शस्त्रक्रिया करू नये हा संकेत उगाच पडलेला नाही. पोटात अनपेक्षित काही दिसलं की तिथल्या तिथे, डोकं शांत ठेवून निर्णय घ्यावा लागतो. टेबलावर बायको असली की माणूस एक तर नको तितका कचरतो, नाहीतर उरकून टाकतो.

आईच्या बाबतीत नेमकं तसंच निघालं. दुर्बीण घातल्यावर दिसलं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. पित्ताशयाची नळी कुठली आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कुठली, हे स्वच्छ दिसल्याशिवाय काही कापायचं नसतं. चुकून मुख्य नलिका कापली गेली तर पेशंटमागे आयुष्यभराचं दुखणं लागू शकतं. त्या बाई बाहेर आल्या. गरज पडली तर दुर्बीण सोडून मोठ्या चिरेनं पोट उघडायची संमती आधीच घेतलेली होती, तरी सांगायला आल्या, 'सर, ओपन करावं लागेल.' मी बाबांच्या शेजारीच होते. त्यांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही. म्हणाले, 'तुला योग्य वाटतंय ना? मग कर. इथे मी नवरा आहे.'

त्या आत गेल्यावर बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, 'आत असलो की तीन तास कुठे जातात कळत नाही गं. इथे बसलं की ते दार का उघडत नाही, एवढंच डोक्यात येतं.'

आई बरी झाली. त्यानंतर बाबांच्या थिएटरात नियम झाला: ठरल्यापेक्षा वेळ लागतोय असं दिसलं की सिस्टरनं बाहेर जाऊन नातेवाइकांना तसं सांगून यायचं. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी ते काटेकोर पाळायचे. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी थांबून सगळं एकदा मोठ्यानं तपासायचं. पण बाहेर बसलेल्यांसाठी त्या यादीत काही नाही. ती भर बाबांची, आणि ती आईमुळे पडली. म्हणून म्हणते, सर्जन आणि घरचा माणूस असे दोन हिस्से करू नका.

अर्थात जवळपास दुसरा सर्जन नसेल आणि रक्त थांबत नसेल, तर समोर घरचं असो वा परकं, हात घालावाच लागतो. तुमच्या बाबांनी तसं कधी केलं असेल तर मी नावं ठेवत नाही. आणि काही सर्जन घरात खरोखरच पाहुण्यासारखे राहतात, हेही मला माहीत आहे. तसं असेल तर खोटं बोलू नका, कामाबद्दलच बोला.

पदव्या आणि शस्त्रक्रियांचे आकडे वाचून दाखवू नका. थिएटरातल्या सिस्टरना आणि भूलतज्ज्ञांना फोन करा. तुमचे बाबा कशावरून चिडायचे, वाईट बातमी नातेवाइकांना उभ्याउभ्या सांगायचे की शेजारी बसून, हे घरच्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

नात्यातलं कुणी माइकवर जुनी तक्रार काढणार असेल, तर तुमचं बोलणं त्यांच्या नंतर ठेवा. मी आत्यानंतर बोलले आणि आईच्या ऑपरेशनची ही सगळी हकिकत भर सभेत सांगितली. तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाही. माझी हरकत नाही.