डावीकडे टाकलं म्हणून रुसू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फुटबॉलच्या कोचने उजव्या बॅकवरून, म्हणजे बचावाच्या उजव्या बाजूवरून, डावीकडे टाकलं, वर तिसऱ्या क्लबची लोनची, म्हणजे काही काळ उसना खेळण्याची, ऑफर आली, आणि तू लगेच 'मी कुणालाच नकोय' इथवर पोचलास. आयुष्यभर एकाच जर्सीत खेळलेल्यांच्या गोष्टी तुला सगळेच ऐकवतात. मी मिगेल लायूनची सांगतो.

मेक्सिकोतल्या वेराक्रुस राज्यातल्या कोर्दोबाचा हा गडी. 2009 मध्ये इटलीत अटलांटाकडून खेळला. सेरी आमध्ये, म्हणजे तिथल्या अव्वल लीगमध्ये, उतरलेला पहिला मेक्सिकन म्हणून कौतुक झालं, पण मैदानावर जेमतेमच दिसला आणि परत आला. मग मेक्सिकोतलाच क्लब अमेरिका. तिथे तर काहीही बिनसलं की खापर लायूनच्या डोक्यावर! ट्विटरवर त्याचा विनोदच झाला होता.

26 मे 2013, अस्तेका स्टेडियम, क्रूस आसुल क्लबविरुद्ध मेक्सिकन लीगच्या फायनलचा दुसरा सामना. अमेरिकाचा एक खेळाडू सुरुवातीलाच लाल कार्ड घेऊन बाहेर, दोन्ही सामने मिळून संघ दोन गोलांनी मागे. अगदी शेवटी अमेरिकाच्या मोस्केराने एक गोल फेडला, इंजुरी टाइममध्ये गोलकीपर मोइसेस मुन्योस पुढे धावत आला आणि त्याने हेडरने दुसरा केला. पेनल्टीत निर्णायक किक कुणाकडे? लायूनकडे. मारताना पाय घसरला, तरी चेंडू जाळ्यात.

लोक ही किक सांगतात. मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हा उजव्या पायाचा खेळाडू, आणि 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोसाठी खेळला तो डाव्या बाजूने. तिथे उजव्या पायाचा फायदा काय ते बघ. आत वळून क्रॉस टाकलास की चेंडू गोलकडे वळत जातो आणि गोलकीपरला पुढे यावं की थांबावं हेच कळत नाही. तोटा बचावात. समोरचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, रेषेलगत पळाला की टॅकल डाव्या पायानेच करावा लागतो, आणि तुझी कंबर तेव्हा उशिरा वळते. मी तुझ्या सामन्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला, दोन्ही वेळा तू तिथेच सुटलास. यावर काम कर. रुसण्यापेक्षा ते सोपं आहे.

पुढे त्याने किती क्लब पालथे घातले म्हणतोस? 2015 मध्ये स्पेनच्या ग्रानादाने घेतलं आणि खेळायला धाडलं इंग्लंडच्या वॉटफर्डला, कारण दोन्ही क्लब तेव्हा पोझो कुटुंबाचे. वॉटफर्ड इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये चढलं, आणि तिथे एव्हर्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात याने गोल केला. त्याच महिन्यात लोनवर पोर्तुगालच्या पोर्तोला रवानगी! मग स्पेनचे सेव्हिया आणि व्हियारेआल, मेक्सिकोतलं मॉन्तेरे. 2019 मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यातून उठून पुन्हा खेळला. 2021 मध्ये परत क्लब अमेरिका.

तेव्हा लोनचं नाव काढलं की तोंड पाडू नकोस. मात्र कागद नीट वाच. पगार कोणता क्लब देणार, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, मधेच परत बोलावता येतं का, आणि हंगाम संपल्यावर कायमचं घेण्याची रक्कम ठरली आहे का? एजंट 'सगळं नेहमीचंच आहे' म्हणेल. त्याला म्हणावं, मग लिहून द्या. सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, बारीक अक्षरातलं शेवटचं पानसुद्धा.

तुझा,
काका