उपासना संपली की लगेच पळू नकोस

तीन रविवार बघतोय, आशीर्वादाचं ‘आमेन’ झालं की तू थेट फाटकाबाहेर! थांबत जा रे जरा. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत खरी ओळख उपासनेनंतर, चहाचा कप हातात आल्यावर होते.

गाता येत नसलं तरी भजनाला बस. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची चाल सोडली नाही. म्हणून आपल्याकडे आजही टाळ वाजतात. तुला टाळ धरायला देतील. ठेका चुकला तर म्हाताऱ्या हसतील, हसू देत.

मंडळीत भांडणं नाहीत असं मी म्हणणार नाही. पंच कमिटीची निवडणूक आली की बघच! एकदा रागावून मी वर्षभर फिरकलो नव्हतो. मग आमची ही दवाखान्यात पडली. ज्याच्याशी अबोला होता, तोच सकाळी सातला डबा घेऊन दारात. भाकरी, मेथी, वर चिठ्ठी: ‘ताईंना मीठ कमी घातलंय.’ आता सांग, कसलं भांडण नि काय?

बुधवारी घरोघरी प्रार्थनासभा असते. या खेपेला आमच्याकडे आहे, संध्याकाळी ये.