वर्कशॉपच्या पडद्याला आग लागू नये म्हणून काय करू?

प्रश्न : घरामागच्या खोलीत लाकूडकाम करतो, अधूनमधून ग्राइंडर पण चालवतो. धूळ घरात जाऊ नये म्हणून दारात पडदा लावलाय, परवा ठिणगी उडून त्याला भोक पडलं आणि घरचे सगळे घाबरलेत. पडद्याला काही लावून तो पेटणार नाही असं करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी पडदा कशाचा आहे ते बघा. पॉलिस्टर असेल तर सरळ काढून टाका, ते वितळून थेंब थेंब गळतं आणि गळतानाही पेटलेलं असतं, खाली सांगतोय तो क्षारांच्या द्रावणात भिजवायचा उपाय त्याला चालत नाही. जाड मांजरपाट आणा आणि आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर द्रावण आत मुरतच नाही.

१ लिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर, तीच कॅरमवर टाकतो ती, फक्त साधी घ्या, वासाची नको. दोन्ही एकत्र घातलं की एकेकटं विरघळतं त्यापेक्षा बरंच जास्त विरघळतं. हातमोजे घालून कापड पूर्ण बुडवा, हलकं पिळा, सावलीत वाळवा. आधी कोरडं वजन करून ठेवा म्हणजे कळेल, १ किलोचा पडदा वाळल्यावर १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, कमी भरला तर परत भिजवा. या क्षारांमुळे कापूस ज्वाळा न धरता काळा कोळसा होतो. युक्ती जुनी आहे, पॅरिसच्या थिएटरांतल्या कापडासाठी गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये टाकणखार आणि अमोनियम क्षारांचं मिश्रण सुचवलं होतं, तुम्ही मात्र अमोनियमवालं वापरू नका, हत्यारं गंजतात.

लावण्याआधी त्याच कापडाची एक पट्टी पक्कडीत धरून अंगणात पेटवून बघा, शेजारी पाण्याची बादली हवीच. १२ सेकंद ज्वाळा लावून काढली की विझली पाहिजे, पेटत राहिली तर द्रावण कमी पडलंय.

आणि हे नीट ऐका, असा पडदा ठिणगी अडवायला नाहीच, भोकं पडतच राहणार, म्हणून ग्राइंडरच्या तोंडासमोर पत्रा उभा करा आणि काम थांबल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, भुशात ठिणगी आत आत धुमसत राहते. वेल्डिंग करणार असाल तर त्याचे वेगळे पडदे मिळतात, तेच घ्या. पावडर पोरांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेली तर विषारी आहे. पडदा धुतला की सगळं निघून जातं, परत भिजवावाच लागतो, त्यामुळे काठावर मार्करने तारीख लिहून ठेवा.