सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: क्रॉनिक फटीग सिंड्रोम असताना चालायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की तापातून उठून आठ महिने झाले, रक्ताच्या तपासण्यांत काही निघालं नाही आणि शेवटी क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं निदान झालं. घरचे म्हणाले, रोज थोडं थोडं चालायला लाग, ताकद येईल. तुम्ही नेटाने चाललात आणि आठवड्याभरात अंथरुणाला खिळलात. आता विचारताय की चालणं चालू ठेवू का, आणि पुढच्या महिन्यात कामावर पूर्णवेळ रुजू होऊ का.

चालणं सध्या थांबवा. मला हा आजार होऊन सात वर्षं झाली आणि पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली, म्हणून हे आधी सांगते आहे.

आपल्या आजारात थकवा हा शब्द फार तोकडा पडतो. खरी खूण वेगळी आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की त्याची भरपाई लगेच नाही, बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी करावी लागते, आणि ती काही दिवस, कधी काही आठवडे चालते. घसा दुखतो, अंग ठणकतं, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत, आवाज आणि उजेड सहन होत नाही. आजारी पडल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला एकदम छान वाटलं. मी कपाटं आवरली, दोन तास फोनवर बोलले, संध्याकाळी बाहेरही जाऊन आले. रात्री वाटलं, सुटलो एकदाचे. तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा कंगवा धरायला हात वर जात नव्हता. अकरा दिवस पडून होते. मधे एक दिवस बरा गेल्यामुळे कपाटांचा आणि या पडण्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आणखी नेटाने व्यायाम सुरू केला.

२०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष नव्याने मांडले, तेव्हा श्रमानंतरचं हे कोसळणं त्यांनी अत्यावश्यक लक्षण मानलं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'नाइस' ही संस्था २००७ मध्ये व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायला सांगत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी तो सल्ला काढून टाकला आणि ठरावीक दराने वाढत जाणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. हे घरच्यांना जरूर वाचायला द्या. ते तुमच्या वाईटावर नाहीत. बाकी बहुतेक आजारपणांनंतर हळूहळू चालल्याने ताकद येतेच, म्हणून ते तसं सांगतात.

मग करायचं काय? एक वही घ्या. दिवसभरात काय केलं, किती वेळ केलं, आणि संध्याकाळी कसं वाटतंय, एवढंच दोन ओळींत लिहा. मी पाच आठवडे लिहिलं आणि मग मागची पानं उलटून बघितली, तेव्हा प्रत्येक वाईट दिवसाच्या दोन दिवस आधी काही ना काही सापडलं. कधी जिना, कधी पाहुणे, आणि एकदा तर नुसतं भांडण. वाचणं, हिशेब करणं, रडणं, कुणाला समजावत बसणं, या सगळ्यालाही शक्ती लागते आणि तीही त्याच साठ्यातून जाते. ते पान मी नवऱ्याला दाखवलं. तोवर तो म्हणायचा, 'काल तर चांगली होतीस.' त्यानंतर म्हणाला नाही.

मर्यादा कळली की तिच्या आत राहायचं. याला पेसिंग म्हणतात. थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. मला वीस मिनिटं झेपत असतील तर मी बाराव्या मिनिटाला उठते, काम अर्धवट टाकून. हे मनाला फार लागतं, अजूनही लागतं. अंघोळ बसून करते, भाजी स्टुलावर बसून चिरते, केस धुणं आणि बाहेर जाणं एका दिवशी ठेवत नाही. विश्रांती म्हणजे डोळे मिटून, अंधारात, आडवं पडणं. हातात मोबाइल असेल तर ती मी विश्रांती धरत नाही. आणि सगळ्यात जास्त जपायचं ते बरं वाटतं त्या दिवशी. त्या दिवशी राहिलेली कामं उरकायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो.

नाडी मोजणारं घड्याळ असेल तर त्याची मदत होते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके सात दिवस लिहा, त्यांची सरासरी काढा आणि त्यात १५ मिळवा. आकडा त्याच्या वर जायला लागला की बसायचं किंवा आडवं व्हायचं. हा ढोबळ अंदाज आहे, आणि हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर तो लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, चौथ्या वर्षी कळली. उभं राहिल्यावर छातीत धडधडतं का, डोकं हलकं होतं का, विचार गोठल्यासारखे होतात का, हे बघा. डॉक्टरांना सांगून आडवं असतानाची आणि दहा मिनिटं स्थिर उभं राहिल्यावरची नाडी आणि बीपी मोजून घ्या. प्रौढ माणसाची नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल आणि बीपी फारसा उतरत नसेल, तर पॉट्स नावाचा त्रास असू शकतो. तो या आजारात बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर उपाय आहेत: जास्त पाणी, जास्त मीठ, पाय घट्ट धरणारे मोजे, काही गोळ्या. मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते घातक ठरेल. माझं डोक्यातलं धुकं यानेच निम्मं उतरलं.

मूळ आजार बरा करणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. झोप, दुखणं यांवर औषधं मिळतात, पण आपल्यापैकी अनेकांना ती जास्त बाधतात, म्हणून अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करायला सांगा. शक्ती वाढवणाऱ्या पावडरींवर मी खूप पैसे घालवले, उपयोग शून्य. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, झोपेत श्वास अडकणं हे सगळं तपासलं गेलंय ना, याची खात्री करा, आणि पुढे नवीन काही लक्षण दिसलं तर ते याच आजाराच्या खाती टाकू नका. समुपदेशकाकडे मी वर्षभर गेले. आजार त्याने हलला नाही, पण गमावलेल्या आयुष्याबद्दल कुणापाशी तरी बोलता आलं.

प्रौढांमध्ये पूर्ण बरं होणारे थोडे आहेत, पण सुधारणा अनेकांत होते. पहिल्या वर्षी बहुतेक दिवस मी खोलीबाहेर पडत नव्हते. आज घरून तीन तास काम करते, दोन तुकड्यांत, मधे दीड तास पडून. हे उत्तरही चार दिवस थोडं थोडं लिहिलंय.

तेव्हा कामाचं. पूर्णवेळ नका रुजू होऊ. राजीनामाही लगेच देऊ नका. आधी तारीख पुढे ढकलता येते का बघा, कारण तुमची मर्यादा किती हे तुम्हालाच अजून माहीत नाही आणि वही महिनाभर तरी भरायला हवी. मग डॉक्टरांचं पत्र घेऊन कमी तास मागा, घरून काम मागा, आणि दुपारी अर्धा तास आडवं होता येईल अशी जागा मागा. प्रवासाचा वेळही कामाच्या तासांतच धरा. माझी पहिली नोकरी कामापेक्षा येण्याजाण्यामुळेच सुटली.