म्हापशात टोयोटाची जुनी क्वालिस मिळतेय, घेऊ का?

घे, पण आधी गाडीखाली वाक. आमच्याकडे 2003 ची आहे, दर गणेश चतुर्थीला अख्खं घर, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्याचं) सामान, नारळाची पेंड (घड) सगळं भरून वाळपईला जाते, इंजिन अजून कुरकुरत नाही. पण दर्याकाठी उभी राहिलेली गाडी असेल तर खारं वारं चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) खातं, तेव्हा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, नवीन काळ्या पेंटला भुलू नकोस.

बाकी टोयोटा मूळची कापडाचे माग बनवणाऱ्यांची, कार कंपनी 1937 ची, घराण्याचं नाव टोयोडा पण जपानीत टोयोटा लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ शुभ म्हणून ते घेतलं (आपल्यासारखेच की!). भारतात किर्लोस्करांबरोबर पहिली गाडी क्वालिसच, 2000 ला आली, 2005 ला इनोव्हासाठी बंद केली, तेव्हा टॅक्सीवाले जाम हळहळले.